रंगमंदिराचा धूर

इ. स. १८८१ च्या डिसेंबर महिन्याची २८ वी तारीख. लंडनच्या सॅव्हॉय नाट्यगृहाचे मालक रिचर्ड डॉयली कार्ट हे हातांत विजेचा एक पेटता दिवा घेऊन रंगभूमीवर आले. दिव्याभोंवतीं त्यांनीं मलमलीचें तलम वस्त्र गुंडाळलें आणि सर्वांच्या देखत तो फोडला. दिवा तत्काळ विझला. वस्त्रास साधा डागही लागला नाहीं.

हा केवळ करमणुकीचा चमत्कार नव्हता. बरोबर वीस दिवसांपूर्वीं, ८ डिसेंबर रोजीं, व्हिएन्ना शहरांतील रिंग थिएटर जळालें होतें. ऑफेनबाखच्या संगीतिकेचा खेळ सुरू व्हावयाचा होता. रंगभूमीवरील ग्यासचे दिवे लावीत असतां ज्वाळेनें पडदे पेटले. ग्यास बंद करण्यांत आला, तों सर्वत्र अंधार पसरला, आणि शेंकडों माणसें वाट न सांपडल्यामुळें आंतल्या आंत गुदमरून मेलीं. गाणें ऐकावयास गेलेला मनुष्य घरीं परत येईल कीं नाहीं, हा प्रश्न त्या महिन्यांत युरोपांतील प्रत्येक शहरांत विचारला जात होता.

ग्यासच्या दिव्यांना नाट्यगृहांत प्रवेश मिळून त्या वेळीं चौसष्ट वर्षें झालीं होतीं. लंडनच्या ड्रूरी लेन नाट्यगृहांत ते १८१७ सालीं आले. मेणबत्त्यांच्या मानानें प्रकाश लख्ख, आणि तो कमीजास्त करणेंही सोपें. म्हणून त्यांचें मोठें कौतुक झालें. पण शेंकडों ज्योती बंदिस्त जागेंत तासन्‌तास जळूं लागल्या, कीं हवेंतील प्राणवायु घटे, उष्णता वाढे आणि लोकांचीं डोकीं दुखूं लागत. तापलेली हवा वर चढते. त्यामुळें ज्यांनीं सर्वांत कमी पैसे दिले त्या वरच्या सज्जांतील प्रेक्षकांच्या वांट्यास सर्वांत वाईट हवा येई. गरिबाच्या तिकिटांत ही एक जादा शिक्षा होती, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं.

सॅव्हॉय नाट्यगृह १० ऑक्टोबर १८८१ रोजीं उघडलें. पुण्यांत किर्लोस्करांच्या संगीत शाकुंतलाचा पहिला प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं झाला. त्यास अद्याप वर्षही पुरें झालें नव्हतें. सॅव्हॉयमध्यें जोसेफ स्वान यांच्या पद्धतीचे सुमारें बाराशें दिवे बसविले होते. आरंभीं वीज अपुरी पडल्यामुळें प्रेक्षागार तेवढें विजेनें उजळलें आणि रंगभूमीवर ग्यासच राहिला. तो दोष दूर झाल्यावरच कार्ट यांनीं मलमलीचा तो प्रयोग करून दाखविला.

आंतली हवा स्वच्छ झाली खरी. परंतु ती वीज आली कोठून? नाट्यगृहाच्या शेजारच्या मोकळ्या जागेंत वाफेचीं एंजिनें धडधडत होतीं आणि त्यांच्या भट्टींत कोळसा जळत होता. धूर नाहींसा झाला नव्हता. तो प्रेक्षकांच्या नाकापासून दूर, शहराच्या माथ्यावर गेला होता. पुढें विजेचीं कारखानें गांवाबाहेर गेलीं, तेव्हां तो डोळ्यांआड झाला. जवळजवळ सव्वाशें वर्षें रंगमंदिरांच्या चालकांनीं त्याची फारशी विचारपूस केली नाहीं.

ती विचारपूस एकविसाव्या शतकांत गंभीरपणें सुरू झाली. ॲमस्टरडॅमचें योहान क्रायफ क्रीडागार फुटबॉलप्रमाणेंच मोठमोठ्या जलशांसाठींही वापरलें जातें. त्याच्या छपरावर सूर्यशक्तीचे सुमारें ४,२०० तक्ते आहेत. २०१८ सालीं तेथें विजेचा एक प्रचंड सांठा बसविण्यांत आला. त्यासाठीं विजेवर चालणाऱ्या मोटारींच्या कांहीं नव्या, कांहीं वापरलेल्या बॅटऱ्या एकत्र जोडल्या. त्यांची एकूण शक्ति १४८ मोटारींच्या बॅटऱ्यांइतकी भरते. डिझेलच्या जनित्रांचें काम अशा रीतीनें जुन्या मोटारींच्या अवशेषांकडे आलें.

अमेरिकेंतील सिॲटल शहरानें याहूनही अवघड वाट धरली. तेथें १९६२ च्या जागतिक प्रदर्शनासाठीं पॉल थायरी या वास्तुशिल्पज्ञानें एक भव्य मंडप बांधला होता. तो पाडून नवा बांधणें सोपें होतें. पण जुनी इमारत पाडली, कीं तिच्या पोलादांत व काँक्रीटांत खर्ची पडलेलें सारें इंधन व्यर्थ जातें, आणि नवीसाठीं पुन्हां तितकेंच जाळावें लागतें. हा हिशेब पुष्कळदां कोणी मांडीतच नाहीं. सिॲटलमध्यें सुमारें वीस हजार टनांचें तें छप्पर तात्पुरत्या पोलादी खांबांवर तोलून धरलें आणि त्याच्याखालीं जमीन खोल खणून नवें प्रेक्षागार उभारलें. २०२१ च्या ऑक्टोबरांत तें खुलें झालें. छपरावरील पावसाचें पाणी सांठवून त्याचें खेळासाठीं बर्फ करतात, आणि दैनंदिन कामासाठीं, अगदीं स्वयंपाकघरांतही, ग्यास जाळीत नाहींत. ज्या ग्यासास ड्रूरी लेननें घरांत घेतलें, त्यास येथें उंबऱ्याबाहेर ठेविलें आहे.

तथापि दिवे आणि चुली यांनीं हिशेब पुरा होत नाहीं. मोठ्या जलशाच्या धुराचा फार मोठा वांटा असतो तो प्रेक्षकांच्या येण्याजाण्याचा. इंग्लंडांतील ब्रिस्टल येथें ऑगस्ट २०२४ मध्यें मॅसिव्ह अटॅक या मंडळीनें जो जलसा केला, त्यांत रंगमंच बॅटऱ्यांवर चालविलाच, पण तिकिटें प्रथम जवळपासच्या रहिवाशांस देऊं केलीं आणि लोकांनीं आगगाडीनें यावें अशी व्यवस्था केली. सिॲटलांत कित्येक खेळांच्या तिकिटांतच सार्वजनिक वाहनांचें भाडें धरलेलें असतें. १९६२ च्या प्रदर्शनासाठीं घातलेली एका रुळाची उंच गाडी तेथें अजून धांवते, आणि खेळाच्या संध्याकाळीं ती माणसांनीं भरून त्याच जुन्या छपराजवळ येऊन थांबते.