सहाच्या आतले मूल : हुजूरपागेपासून कोसबाडच्या टेकडीपर्यंत

१/ आपल्या शिक्षणाच्या इतिहासात सहा हा आकडा वारंवार भेटतो. १९११ साली पुण्याच्या नामदार गोखल्यांनी केंद्रीय कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, ते सहा ते दहा वर्षांच्या मुलांसाठी. पुढच्याच वर्षी ते फेटाळले गेले. नव्वद वर्षांनी, २००२ मध्ये, शिक्षण मूलभूत हक्क ठरले, तेही सहा ते चौदा या वयासाठी. मेंदूची सर्वांत वेगवान वाढ होते ती मात्र या सहाच्या आत. त्या वयाच्या मुलाकडे शिक्षणाचे लक्ष गेले ते बरेच उशिरा, आणि तेही शाळेच्या दारातून नव्हे, सांभाळघराच्या दारातून.

२/ या कथेचा एक धागा रोममध्ये सुरू होतो. सान लोरेन्झो ही तिथली कष्टकऱ्यांची वस्ती. आईबाप कामावर गेले की मुले जिन्यांवर हुंदडत, भिंती खराब करीत. चाळींच्या मालकांना त्यांची राखण करणारे कोणी हवे होते. ६ जानेवारी १९०७ रोजी तिथे ‘बालगृह’ उघडले आणि ते मारिया माँटेसरी या डॉक्टर बाईंकडे सोपवण्यात आले. हाताला योग्य साधन मिळाले की तीन-चार वर्षांचे मूल कोणी न सांगता एकाच कामात बराच वेळ गढून जाते, हे बाईंनी तिथे पाहिले. भिंती वाचवण्यासाठी उघडलेल्या खोलीत बालशिक्षणाची एक पद्धत जन्माला आली!

३/ गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर काढले. ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, १९३६ मध्ये दादरला शिशुविहार उभे राहिले. परंतु माँटेसरीची साधने महाग होती आणि बालमंदिरे शहरी, सुस्थित घरांपुरती राहिली. हे शिक्षण खेड्यातल्या गरिबाच्या मुलाला कसे मिळेल, हा प्रश्न ताराबाईंना स्वस्थ बसू देईना.

४/ त्याच काळात पुण्यात, १८८४ साली स्थापन झालेल्या हुजूरपागेत, अनुताई वाघ शिकवीत होत्या. जन्म १९१०चा. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य. त्या काळी अशा मुलीचे पुढचे आयुष्य घरच्यांनी आधीच ठरवलेले असे. अनुताईंनी शिकणे आणि शिकवणे सोडले नाही. हुजूरपागेतली नोकरी स्थिर आणि प्रतिष्ठेची होती. ती सोडून त्या १९४५ मध्ये ताराबाईंबरोबर समुद्रकाठच्या बोर्डीला गेल्या.

५/ बोर्डीत बालवाडी तर निघाली, पण दलित वस्तीतली मुले तिथवर पोहोचेनात. मूल बालवाडीत येत नसेल तर बालवाडीने त्याच्या अंगणात जावे, असे ताराबाईंनी ठरवले. ‘अंगणवाडी’ हा शब्द या निर्णयातून आला. महाग साधनांची जागा शिंपल्या, खडे, बिया आणि पाने यांनी घेतली. शिकणे सुरू होई ते हातपाय धुणे, नखे कापणे, केस विंचरणे यांपासून. वर्गीकरण, मोजणी, लहानमोठे ओळखणे हे सारे पुढे त्या शिंपल्यांवरच.

६/ १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या मुलखात आले. इथे आणखी एक गाठ समोर आली, आणि या साऱ्या इतिहासातली ती कदाचित सर्वांत महत्त्वाची असावी. आठ-दहा वर्षांची मुलगी शाळेत येत नसे, कारण तिच्या कडेवर धाकटे भावंड असे. म्हणजे सांभाळाची सोय नसल्यामुळे एका घरात दोन मुलांचे नुकसान होत होते. धाकट्याला दिवसभर मिळे ती फक्त कडेवरची जागा. थोरलीची शाळा बुडे ती कायमचीच. यावर त्यांनी काढलेला उपाय म्हणजे ‘विकासवाडी’ : पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. बहिणीने भावंडाला पाळणाघरात सोडावे आणि शेजारच्या वर्गात जाऊन बसावे. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ‘कुरणशाळा’ निघाली, शाळाच कुरणात गेली.

७/ सांभाळ आणि बुद्धीची वाढ यांचे नाते पुढे शास्त्रीय कसोटीवरही तपासले गेले. १९८०च्या दशकात जमैकातील किंग्स्टन येथे, वाढ खुंटलेल्या नऊ ते चोवीस महिन्यांच्या मुलांच्या घरी आरोग्यसेविका दर आठवड्याला जाऊ लागल्या. घरीच बनवलेली खेळणी घेऊन मुलाशी कसे खेळावे, कसे बोलावे, हे त्या आईला दाखवीत. दोन वर्षे हे चालले. वीस वर्षांनी पाहिले तेव्हा त्या मुलांची कमाई, अशा भेटी न मिळालेल्या मुलांपेक्षा सुमारे २५ टक्के अधिक भरली.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाने भोवतालच्या खेड्यांत केलेल्या अभ्यासातून आणखी अलीकडची पायरी दिसली. गरोदरपणी ज्या मातांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व फार कमी होते, त्यांची मुले नवव्या वर्षी अवधान आणि अल्पकालीन स्मरणाच्या चाचण्यांत मागे पडली. हे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हा सांभाळ जन्माआधीच सुरू होतो, असे म्हणावे लागते.

८/ २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. पूरक आहार, लसीकरण आणि शाळापूर्व शिक्षण एका छपराखाली आणणाऱ्या तिच्या केंद्राला नाव मिळाले ‘अंगणवाडी’. ताराबाईंनी ते पाहिले नाही. १९७३ मध्येच त्यांचे निधन झाले होते.

९/ कायद्याची गोष्ट थोडी चमत्कारिक आहे. १९५०च्या राज्यघटनेतले कलम ४५ चौदा वर्षांपर्यंतच्या शिक्षणाविषयी बोलत होते. खालची मर्यादा त्यात नव्हतीच. २००२ मध्ये सहाच्या पुढचे मूल मूलभूत हक्कात गेले आणि सहाच्या आतले मार्गदर्शक तत्त्वांत राहिले, म्हणजे न्यायालयात दाद मागता येणार नाही अशा जागी. १९९६चा बांधकाम मजुरांविषयीचा कायदा पाळणाघर सक्तीचे करीत होता, पण पन्नासाहून अधिक स्त्री-मजूर असल्या तरच. त्यात मोजल्या जात त्या फक्त आया; बापांची गणती नव्हती.

१०/ पुण्याच्या वाढत्या उपनगरांत अशा मजुरांची मुले वाळूच्या ढिगाऱ्यांवर दिसतात. १९६९ मध्ये दिल्लीत मीरा महादेवन यांनी सुरू केलेल्या ‘मोबाईल क्रेशेस’चे काम पुढे पुण्यातही आले, आज ‘तारा मोबाईल क्रेशेस’ शहरातल्या बांधकामांवर पाळणाघरे चालवते. इमारत पुरी झाली की मजूर दुसऱ्या जागी जातात आणि पाळणाघरही तिथून उठते.