खळीचे झाड ते बागेचे झुडूप : हायड्रेंजिया पॅनिक्युलेटाचा इतिहास

जुनी नाणी आणि कागदपत्रे ही जशी इतिहासाची साधने, तसे बागेतले झाडही एक साधन असते. या टिपणात आपण एका झुडपाचा इतिहास त्याच्या दोन नावांवरून पाहू. त्याची निगा कशी राखायची, हेही त्यातूनच कळेल.

उटी किंवा दार्जिलिंगला गोल, निळ्या गुच्छांची हायड्रेंजिया तुम्ही पाहिली असेल. ती मॅक्रोफिला ही जाती. पॅनिक्युलेटा ही तिची बहीण. तिचे तुरे पांढरे आणि शंकूसारखे निमुळते असतात. ती मूळची जपान, चीन, कोरिया आणि साखालीन बेटावरची.

पहिले नाव जपानी : नोरिउत्सुगी. 'नोरी' म्हणजे खळ. या झुडपाच्या आतल्या सालीतून बुळबुळीत द्रव निघतो. हातकागद बनवताना तो पाण्यात मिसळला की तंतू तळाशी न बसता सारखे पसरून राहतात आणि कागद एकसारखा उतरतो. बहुतेक कारागीर यासाठी भेंडीची नातलग असलेली तोरोरो-आओई ही वनस्पती वापरतात. पण योशिनो भागातील 'उदा' कागदासाठी नोरिउत्सुगीच लागते. गुंडाळी-चित्रांना मागून अस्तर लावण्यासाठी हा कागद वापरतात.

दुसरे नाव शास्त्रीय. फिलिप फ्रान्झ फॉन सीबोल्ड हा जर्मन डॉक्टर 1823 मध्ये नागासाकीजवळच्या देजिमा बेटावरील डच वखारीत आला. परकीयांना तेव्हा जपानमध्ये मोकळेपणाने फिरता येत नसे. सीबोल्ड जपानी विद्यार्थ्यांना वैद्यक शिकवी. विद्यार्थी आणि रुग्ण त्याला वनस्पती, वस्तू आणि माहिती आणून देत. जपानचे नकाशे जवळ बाळगल्याच्या आरोपावरून 1829 मध्ये त्याला हद्दपार करण्यात आले. त्याच वर्षी त्याने केलेले पॅनिक्युलेटाचे वर्णन प्रसिद्ध झाले. या नावाचा अर्थ 'फांद्या फुटलेला तुरा असलेली'.

दोन्ही नावे खरीच आहेत. पण एकात कारागिराचे काम आहे आणि दुसऱ्यात केवळ फुलाचा आकार. जगभरच्या बागांत दुसरेच नाव पोहोचले. खळ मागे राहिली.

1860 च्या दशकात 'ग्रँडिफ्लोरा' हा वाण जपानमधून युरोपात गेला. अमेरिकेत तो 'पीजी' या नावाने घरोघरी झाला. रानटी झुडपाच्या तुऱ्यात बारीक जननक्षम फुले पुष्कळ आणि मोठी वंध्य फुले थोडी असतात. या वाणात जवळजवळ सगळी वंध्यच. त्यामुळे तुरा भरगच्च दिसतो, पण पावसाने जड होऊन वाकतो आणि मधमाश्यांना त्यातून फारसे काही मिळत नाही. पुढे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बेल्जियममधील काल्मथाउट येथे येलेना आणि रॉबर्ट द बेल्डर यांनी 'युनिक'सारखे नवे वाण निवडले.

आता निगेकडे वळू. पॅनिक्युलेटाला फुले नव्या फांद्यांवर येतात, म्हणून हिवाळा सरता सरता छाटणी करावी. मागच्या वर्षीच्या फांदीवर डोळ्यांच्या दोन-तीन जोड्या ठेवल्या तर तुरे मोठे येतात. मॅक्रोफिलाची अशी छाटणी केली तर त्या वर्षीची फुले बहुधा हातची जातात, कारण तिचे कळे जुन्या फांदीवर असतात. उत्तर जपानच्या कडक थंडीत वाढलेली पॅनिक्युलेटा बर्फ सोसते. कोरडी उष्णता मात्र तिला मानवत नाही. माती ओलसर पण निचऱ्याची हवी. मातीचा आम्लपणा बदलून तिचे फूल निळे होत नाही. पांढरी संदले जुनी होताना आपोआप गुलाबी होतात.

विचार करा : तुमच्या परिसरातील एखाद्या झाडाचे स्थानिक नाव आणि शास्त्रीय नाव शोधा. स्थानिक नावात कोणाचे काम नोंदले गेले आहे? शास्त्रीय नावात त्यातले काय उरले आहे?