न्यूट्रॉनांनी विस्कटलेली शिस्त

अतिसंवाहक म्हटलं की तुमच्या मनात बहुधा एकच आकडा येतो: किती तापमानाला वीज विनारोध वाहू लागली? आमच्या भागातही तेच झालं, तासभर आम्ही त्या आकड्याभोवतीच फिरत राहिलो. पण याच पदार्थांच्या पोटात आणखी एक गोष्ट घडत असते, ती सांगायची राहिलीच.

१९५३ साली शिकागोत हार्डी आणि हल्म यांना व्हॅनेडियम-सिलिकॉनचं एक संयुग १७ केल्विनला अतिसंवाहक होताना दिसलं. पुढच्याच वर्षी बेल लॅब्जमध्ये बर्न्ड मथायस आणि सहकाऱ्यांनी नायोबियम आणि कथलाच्या संयुगात १८ केल्विन गाठले. (सिद्धान्तवाल्यांपासून चार हात लांब राहा, असं हे मथायस सांगायचे म्हणे. पुढची गोष्ट वाचताना हे लक्षात असू द्या.) दोन्ही संयुगांची ठेवण एकच: धातूचे अणू तीन दिशांना सरळ रांगांत, माळेत ओवल्यासारखे. १९६४मध्ये बॅटरमन आणि बॅरेट यांनी व्हॅनेडियम-सिलिकॉनचा स्फटिक थंड करत क्ष-किरणांनी तपासला, तेव्हा २१ केल्विनच्या आसपास त्या घनाची एक कड किंचित लांबली. फरक जेमतेम पाव टक्का! म्हणजे अतिसंवाहक होण्याच्या चार अंश आधी स्फटिक कूस बदलत होता. नायोबियम-कथलातही तेच निघालं, ४५ केल्विनच्या सुमारास.

आता प्रश्न असा, की हा रचनाबदल अतिसंवाहकतेचा सोबती की वाटेकरी? एक मत असं, की जिथे अणूंची जाळी इतकी डळमळीत, तिथेच इलेक्ट्रॉनांच्या जोड्या सहज जमतात. दुसरं मत असं, की काही इलेक्ट्रॉन रचना बदलण्यातच खर्ची पडतात, तेवढे अतिसंवाहकतेच्या वाट्याचे कमी होतात. तसं असेल तर रचनाबदल रोखला की तापमान वर जायला हवं. पण रोखायचा कसा? तिसरं मूलद्रव्य मिसळलं तर इलेक्ट्रॉनांचा हिशेबच बदलतो.

इथे अणुभट्टी कामाला आली. १९७४ साली लाँग आयलंडवरच्या ब्रुकहेव्हन प्रयोगशाळेतल्या स्वीडलर, श्वाइट्झर आणि वेब यांनी ही संयुगं न्यूट्रॉनांच्या माऱ्यात ठेवली. वेगवान न्यूट्रॉन आदळला की अणू जागेवरून उडतात, आणि नायोबियमच्या रांगेत कथील जाऊन बसतं. रसायन तेच, शिस्त गेली. भरपूर मारा झाल्यावर नायोबियम-कथलाचे १८ केल्विन जवळजवळ ३ वर आले. मग नमुने भट्टीत तापवले, अणू आपापल्या जागी परतले आणि तापमानही वर आलं! मला या सगळ्या प्रकरणात हाच भाग सर्वात आवडतो.

रचनाबदल तर त्याहून नाजूक. स्फटिकात थोडे दोष असले तरी तो होतच नाही. व्हॅनेडियम-सिलिकॉनचे असे न बदलणारे स्फटिकही १७ केल्विनच्याच आसपास अतिसंवाहक होतात. म्हणजे वाटेकरी हटवून फारसं काही पदरात पडलं नाही. दोघेही त्याच सरळ रांगांवर पोसले जात होते, रांगा मोडल्या तसे दोघेही उपाशी.

यावरून सगळ्यांसाठी एकच नियम करायला निघालात तर मात्र नायोबियम सेलेनाइड तुम्हाला अडवेल. त्यात ३३ केल्विनखाली विद्युतभाराची एक लाट तयार होते आणि जाळीही तिच्यासोबत वाकते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या कामात पॅरिसजवळच्या पालेझोत त्यावर वेगवान इलेक्ट्रॉनांचा मारा केला होता. अव्यवस्था वाढली तशी लाट दुबळी झाली आणि अतिसंवाहकतेचं तापमान, ७ केल्विनच्या थोडं वर होतं ते, आधी चक्क चढलं. लाट पूर्ण नाहीशी झाली तेव्हा ते एकदम घसरलं. वाटेकरी होता खरा, पण मदतही करत होता.

तिकडे दक्षिण फ्रान्समध्ये ईटर या संलयन भट्टीची उभारणी चालू आहे. तिच्या १८ मोठ्या चुंबकांत हेच नायोबियम-कथील गुंडाळलंय, आणि भट्टी पेटली की न्यूट्रॉन सुटणारच. थोडा मारा उलट फायद्याचा, त्यातल्या दोषांमुळे तार जास्त प्रवाह पेलते. जास्त झाला की ब्रुकहेव्हनचा आलेख पुन्हा सुरू. म्हणून त्या चुंबकांपुढे पोलाद आणि पाण्याची जाड भिंत आहे.