मेटाबॉलिक सिण्ड्रोम : सडपातळ देहातील छुपा धोका

मधुमेह, उच्च रक्तदाब आणि हृदयविकार हे तीन स्वतंत्र विकार मानण्याची आपली सवय आहे. प्रत्यक्षात अनेक रुग्णांमध्ये त्यांची मुळे एकमेकांत गुंतलेली असतात. पोटाचा वाढता घेर, रक्तातील साखर आणि चरबी यांचे बिघडलेले प्रमाण व चढता रक्तदाब ही लक्षणे एकाच व्यक्तीत एकत्र आढळली, की त्या समूहाला वैद्यकशास्त्रात ‘मेटाबॉलिक सिण्ड्रोम’ म्हणजे चयापचयाच्या बिघाडाचा लक्षणसमूह असे म्हटले जाते. या अवस्थेत रुग्णाला बहुधा कोणताच त्रास जाणवत नाही आणि हेच तिचे खरे संकट आहे.

संकल्पनेचा उगम

स्टॅनफर्ड विद्यापीठातील डॉ. जेराल्ड रीव्हन यांनी १९८८ मध्ये या लक्षणांची सांगड घालून तिला ‘सिण्ड्रोम एक्स’ असे नाव दिले. त्यांच्या मते या साऱ्यांच्या मुळाशी ‘इन्सुलिन प्रतिरोध’ असतो. स्नायू आणि यकृत इन्सुलिनला पुरेसा प्रतिसाद देईनासे झाले, की स्वादुपिंडाला अधिकाधिक इन्सुलिन स्रवावे लागते. काही काळ रक्तशर्करा आटोक्यात राहते. मात्र स्वादुपिंडाची क्षमता अपुरी पडू लागली, की मधुमेह उघड होतो. पोटाच्या आत, अवयवांभोवती साठलेली चरबी या प्रक्रियेला विशेष हातभार लावते.

निदानाचे निकष

२००९ मध्ये प्रमुख आंतरराष्ट्रीय संघटनांनी एकत्रितपणे मान्य केलेल्या व्याख्येनुसार पुढील पाचपैकी कोणतीही तीन लक्षणे असल्यास हे निदान केले जाते. एखाद्या विकारासाठी औषधे सुरू असतील, तर ते लक्षणही धरले जाते.

* कंबरेचा घेर : दक्षिण आशियाई पुरुषांत ९० सेंटिमीटर, स्त्रियांत ८० सेंटिमीटर किंवा अधिक
* ट्रायग्लिसराइड : १५० मिलिग्रॅम किंवा अधिक
* एचडीएल कोलेस्टेरॉल : पुरुषांत ४० व स्त्रियांत ५० मिलिग्रॅमपेक्षा कमी
* रक्तदाब : १३०/८५ किंवा अधिक
* उपाशीपोटी रक्तशर्करा : १०० मिलिग्रॅम किंवा अधिक

(मिलिग्रॅमचे सर्व आकडे दर १०० मिलिलिटर रक्तामागे आहेत.)

पुण्यातील संशोधन

भारतीयांसाठी कंबरेची मर्यादा युरोपीय लोकांपेक्षा कमी का, याच्या उत्तरात पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाचा मोठा वाटा आहे. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचे आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र प्रसिद्ध झाले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स सारखाच, २२.३ होता. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के आढळली. वजनकाटा निर्धास्त करीत असला, तरी शरीराची घडण वेगळेच काही सांगत असते, हा त्याचा मथितार्थ.

ही घडण जन्मापूर्वीच सुरू होते. पुणे परिसरातील सहा खेड्यांत १९९३ पासून सुरू झालेल्या अभ्यासात नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो आढळले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथे ते ३.५ किलो होते. पुण्याच्या बालकांत स्नायू कमी होते, पण त्वचेखालील चरबी त्या मानाने टिकून होती. २००८ मधील निष्कर्षांनुसार, गरोदरपणी ज्या मातांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिन प्रतिरोध सर्वाधिक दिसला.

देशातील चित्र

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ या देशव्यापी सर्वेक्षणाचे निष्कर्ष २०२३ मध्ये जाहीर झाले. त्यानुसार देशातील ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह, १५.३ टक्क्यांना मधुमेहपूर्व अवस्था, ३५.५ टक्क्यांना उच्च रक्तदाब, तर ३९.५ टक्क्यांना पोटाचा लठ्ठपणा आहे.

मतभेद आणि नव्या दिशा

या संकल्पनेवर सर्वांचे एकमत नाही. २००५ मध्ये अमेरिका व युरोपमधील मधुमेह संघटनांनी, प्रत्येक घटकावर स्वतंत्र उपचार करण्यापेक्षा या नावाने अधिक काय साधते, असा प्रश्न उपस्थित केला होता. तरीही अवयवांमधील परस्परसंबंधांवरील भर वाढतच गेला. २०२३ मध्ये मद्यपानाशी संबंध नसलेल्या ‘फॅटी लिव्हर’ला चयापचयाशी जोडणारे नवे नाव देण्यात आले. त्याच वर्षी अमेरिकन हार्ट असोसिएशनने हृदय, मूत्रपिंड व चयापचय यांचा एकत्रित लक्षणसमूह मांडला. सेमाग्लुटाइड या औषधाने मधुमेह नसलेल्या, परंतु लठ्ठपणा वा जादा वजन आणि हृदयविकार असलेल्या रुग्णांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात व हृदयविकाराने होणारे मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण २० टक्क्यांनी घटल्याचेही २०२३ मध्येच दिसून आले. अशी औषधे वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावयाची असतात.

उपाय आवाक्यातील

औषधांइतकेच महत्त्व जीवनशैलीला आहे. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या २००६ मधील अभ्यासात मधुमेहपूर्व अवस्थेतील व्यक्तींनी आहार व चालण्याची पथ्ये पाळल्यावर तीन वर्षांत मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला. विशेष म्हणजे, वजन फारसे कमी न होताही हा लाभ मिळाला.

तपासणीची सुरुवात घरच्या टेपनेही करता येते. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर, सहज श्वास सोडल्यावर घेर मोजावा. तो मर्यादेबाहेर असेल किंवा घरात मधुमेहाचा इतिहास असेल, तर रक्तदाब, उपाशीपोटीची साखर आणि चरबीचे प्रमाण तपासून घ्यावे. अंगकाठी सडपातळ आहे, एवढ्यावर विसंबून राहू नये.