सल्लागार आणि खारबांध

परवा नातवाला एका मोठ्या सल्लागार कंपनीत नोकरी लागली. फोनवर म्हणाला, "आजोबा, आम्ही सरकारला सल्ला देतो." आनंद झालाच. पण मी धरमतर खाडीकाठचा माणूस. 'सल्लागार' म्हटले की मला आमचे खारबांध आठवतात. का, ते सांगतो.

सरकारने बाहेरच्यांचा सल्ला घेणे काही नवे नाही. विल्बर स्मिथ या अमेरिकन कंपनीने 1962 साली मुंबईच्या वाहतुकीचा अभ्यास केला. मुंबई आणि समोरचा किनारा जोडणाऱ्या पुलाची कल्पना तेव्हापासूनची. पूल खुला झाला जानेवारी 2024 मध्ये! मधल्या काळात, सप्टेंबर 2003 मध्ये, मॅकिन्सीने 'बॉम्बे फर्स्ट' या संस्थेसाठी 'व्हिजन मुंबई' अहवाल केला. 2013 पर्यंत जागतिक दर्जाचे शहर, खर्च सुमारे 2 लाख कोटी. सरकारने त्यावर कृतिदल नेमले. शांघायचे नाव तेव्हा सगळ्यांच्या तोंडी होते.

त्याच वाऱ्यात महामुंबई सेझ आला. तो त्या अहवालातून निघाला असे मी म्हणत नाही, पण उरण, पनवेल, पेणची शेती कागदावर मोकळी जमीन दिसू लागली ती याच काळात. मोकळी कसली! खारे पाणी अडवायचे तर दरवर्षी बांध चिखलाने चोपावा लागतो, उघाडी वेळेवर लावावी लागते. एका उधाणाला खांड पडली की खारे पाणी आत येते आणि पुढची दोन-तीन वर्षे भात नीट येत नाही. हे ज्ञान कुठल्या तक्त्यात बसवणार?

एकदा मात्र शेतकऱ्यांना खरोखर विचारले गेले. एन. डी. पाटील यांच्यासारख्यांच्या नेतृत्वाखाली मोठे आंदोलन झाले आणि सप्टेंबर 2008 मध्ये हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या 22 गावांत जिल्हा प्रशासनाने जनमत घेतले. बहुतेकांनी 'नाही' म्हटले. निकाल सरकारने कधी थाटात जाहीर केला नाही, पण सेझ काही उभा राहिला नाही.

सल्लागार वाईट नसतात हो. आमच्या मास्तरकीतही तपासणीला आलेले साहेब कधीकधी चांगले सुचवायचे. पण ते दुपारी जेवून जायचे, वर्ग आम्हालाच चालवायचा असे.

2024 च्या ऑक्टोबरात उरण, पनवेल, पेणमधली 124 गावे नव्या शहरासाठी एमएमआरडीएकडे दिली गेली. 'तिसरी मुंबई' म्हणतात. नातवाला म्हटले, यातले काही काम तुझ्या टेबलावर आले तर आधी इकडे ये. अमावास्येच्या भरतीला ये, उघाडीवर घेऊन जातो.