किरणोत्सारी मृदेचे शुद्धीकरण : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

छत्रपती संभाजीनगर-जालना मार्गावरील शेंद्रा औद्योगिक वसाहतीत अणुकेंद्र नाही. तथापि मराठवाड्याच्या पडीक जमिनीवर सर्वत्र उगवणाऱ्या रुईला किरणोत्सारी प्रदूषणाच्या निवारणाच्या इतिहासात स्थान मिळाले आहे. त्या अनुषंगाने ‘शुद्धीकरण’ या संज्ञेची मर्यादा तपासण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

४ ऑगस्ट १९५६ रोजी ट्रॉम्बे येथे ‘अप्सरा’ अणुभट्टी सुरू झाली व महाराष्ट्रात अणुयुग अवतरले. १९६० मध्ये ‘सायरस’ कार्यान्वित झाली. अणुविखंडनातून निर्माण होणाऱ्या स्ट्रॉन्शियम-९० व सीझियम-१३७ यांचे अर्धायुष्य अनुक्रमे सुमारे २९ व ३० वर्षे असते. पहिल्याचे कॅल्शियमशी, तर दुसऱ्याचे पोटॅशियमशी रासायनिक साधर्म्य असल्याने वनस्पती ती द्रव्ये शोषून घेतात.

भाभा अणुसंशोधन केंद्रातील सुसान ईपेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये यासंबंधीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. रुईने द्रावणातील सुमारे ९० टक्के स्ट्रॉन्शियम २४ तासांत, तर सुमारे ४४ टक्के सीझियम १६८ तासांत शोषले. २००८ मध्ये वाळ्याविषयीही असेच आशादायक निष्कर्ष पुढे आले. मात्र ही टक्केवारी द्रावणातील आहे. मृदेतील चिकणमातीचे कण सीझियमला घट्ट धरून ठेवतात. ते मुळांना सहजासहजी मिळत नाही.

जपानमध्ये याचा प्रत्यय आला. २०११ च्या फुकुशिमा दुर्घटनेनंतर तेथे सूर्यफुलाची लागवड करून पाहण्यात आली. परिणाम नगण्य ठरला. अखेर शेतांतील वरचा सुमारे ५ सेंटिमीटरचा थर खरवडावा लागला. सुमारे १ कोटी ४० लाख घनमीटर माती व अन्य कचरा तात्पुरत्या साठवण केंद्रात गेला असून, २०४५ पर्यंत त्याची प्रांताबाहेर अंतिम विल्हेवाट लावण्याचे कायदेशीर बंधन शासनावर आहे. तत्पूर्वी, १९८६ च्या चेर्नोबिल दुर्घटनेनंतर लगतच्या अरण्यातील करपलेली झाडे पाडून खंदकांत पुरण्यात आली होती.

सारांश, येथे शुद्धीकरण म्हणजे नाश नव्हे, तर स्थलांतर होय. प्रदूषण शोषणारी रुई स्वतःच किरणोत्सारी कचरा बनते, आणि खरवडलेल्या मातीबरोबर शेतकऱ्याचा सुपीक थरही जातो. किरणोत्सार ओसरतो तो केवळ काळाने. सीझियम हजारांश उरण्यास सुमारे ३०० वर्षे लागतात. म्हणून कोणाची जमीन मोकळी होणार आणि कोणाच्या जमिनीवर तो भार पडणार, हा प्रश्न जैतापूरसारख्या नियोजित प्रकल्पांच्या चर्चेत आरंभीच उपस्थित होणे अगत्याचे आहे.