सावकाश समजणारा गणिती

वर्गातील काही मुले प्रश्न विचारताच हात वर करतात. काही मुले मात्र विचार करीत बसतात आणि त्यांचे उत्तर येईपर्यंत तास संपलेला असतो. या दुसऱ्या प्रकारच्या मुलांना मंद ठरवून आपण पुढे जातो. फ्रेंच गणितज्ञ लॉराँ श्वार्त्झ हे अशाच मुलांपैकी एक होते. त्यांचे चरित्र शिक्षकांनी जरूर वाचावे असे आम्हांस वाटते.

श्वार्त्झ यांचा जन्म ५ मार्च १९१५ रोजी पॅरिसमधील एका ज्यू कुटुंबात झाला. वडील शस्त्रक्रियातज्ज्ञ होते. विख्यात गणितज्ञ झाक आदामार हे त्यांचे आईकडून नातेवाईक. शाळेत लॅटिन आणि ग्रीक या विषयांत मुलाची प्रगती उत्तम होती. राष्ट्रीय स्पर्धेत त्याने लॅटिनचे बक्षीसही मिळविले. पण त्याच्या एका भाषाशिक्षकाच्या एक गोष्ट ध्यानात आली. भाषेतही या मुलाला गोडी आहे ती तिच्या नियमबद्ध रचनेची. तेव्हा याने गणिताकडे जावे, असे त्यांनी पालकांना सांगितले. स्वतःचा हुशार विद्यार्थी दुसऱ्या विषयाला देऊन टाकणारा हा शिक्षक मोठ्या मनाचा म्हटला पाहिजे.

गंमत अशी, की पहिल्या क्रमांकात असूनही श्वार्त्झ यांना आपण बुद्धीने कमी आहोत असे वाटे. इतरांना जे चटकन समजे, त्याला त्यांना वेळ लागे. पुढे आत्मचरित्रात त्यांनी याचे कारण सांगितले आहे: एखादी गोष्ट पूर्णपणे समजल्याशिवाय ती सोडून पुढे जाणे त्यांना जमत नसे.

पायरीचा प्रश्न

ही सवय गणिताच्या कशी उपयोगी पडली ते पाहू. दिव्याचे बटण दाबण्यापूर्वी व्होल्टेज शून्य असते, दाबल्यावर ते एक एकक होते असे समजा. याचा आलेख पायरीसारखा येतो. आता या फलनाचा विकलज किती? पायरीच्या दोन्ही बाजूंना आलेख आडवा आहे, म्हणून विकलज शून्य. ऐन पायरीवर मात्र तो अस्तित्वातच नाही.

ऑलिव्हर हेविसाइड या इंग्रज विद्युततज्ज्ञाने आणि नंतर पॉल डिरॅक या भौतिकशास्त्रज्ञाने या अडचणीकडे दुर्लक्ष करून बेधडक विकलन केले. डिरॅक यांचे ‘डेल्टा फलन’ सर्वत्र शून्य, एका बिंदूवर अनंत, आणि तरीही त्याखालील क्षेत्रफळ एक! नेहमीच्या व्याख्येप्रमाणे असे फलन असूच शकत नाही, कारण एका बिंदूवर उंची कितीही मानली तरी क्षेत्रफळ शून्यच राहते. पण या रीतीने काढलेली उत्तरे बरोबर येत. अनेकांचे तेवढ्यावर समाधान झाले. श्वार्त्झ यांचे झाले नाही.

१९४४ साली पॅरिसमध्ये त्यांना मार्ग सापडला. अमुक बिंदूवर फलनाची किंमत किती, हा प्रश्नच त्यांनी बाजूला ठेवला. तापमापीचेच पाहा. ती एका बिंदूचे तापमान सांगत नाही. तिच्या फुग्याने व्यापलेल्या जागेचे सरासरी तापमान सांगते. त्याचप्रमाणे श्वार्त्झ यांनी काही ‘चाचणी-फलने’ घेतली. ही फलने कितीही वेळा विकलन करता येण्याइतकी गुळगुळीत असतात आणि एका मर्यादित अंतराबाहेर शून्य होतात. दिलेल्या फलनाला चाचणी-फलनाने गुणून संकलन केले की एक संख्या मिळते. प्रत्येक चाचणी-फलनाला अशी संख्या जोडून देणारा योग्य नियम म्हणजे ‘डिस्ट्रिब्युशन’.

आता पायरीकडे परत येऊ. खंडशः संकलनाच्या नियमाने विकलनाचे काम एका घटकावरून दुसऱ्यावर टाकता येते. फक्त चिन्ह बदलते. पायरीचे विकलन होत नाही, चाचणी-फलनाचे होते. म्हणून चाचणी-फलनाचा विकलज घ्यावा, त्याला पायरीने गुणावे, संकलन करावे आणि चिन्ह बदलावे. उत्तर येते चाचणी-फलनाची शून्य या बिंदूवरील किंमत. डेल्टा फलनाकडून डिरॅक यांची नेमकी हीच अपेक्षा होती! वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी ही आकडेमोड कागदावर करून पाहावी.

रशियन गणितज्ञ सर्गेई सोबोलेव यांनी १९३०च्या दशकात या दिशेने काम केले होते. पण सर्वांना वापरता येईल असा संपूर्ण सिद्धांत उभा केला तो श्वार्त्झ यांनी. १९५० मध्ये त्यांना फील्ड्स पदक मिळाले. हा मान मिळविणारे ते पहिले फ्रेंच गणितज्ञ होत.

युद्धकाळ आणि अध्यापन

हे सर्व काम निवांतपणे झाले असे मात्र नाही. युद्ध सुरू झाल्यावर स्ट्रासबुर्ग विद्यापीठ क्लेरमाँ-फेराँ येथे हलविण्यात आले होते. तेथून श्वार्त्झ यांनी १९४३ मध्ये डॉक्टरेट मिळविली. ज्यू असल्यामुळे पुढे त्यांना सेलिमार्तँ या खोट्या आडनावाने, पत्नी आणि तान्ह्या मुलासह लपून राहावे लागले. पत्नी मारी-एलेन याही गणितज्ञ होत्या.

युद्धानंतर ते नान्सी विद्यापीठात शिकवू लागले. १९४९ मध्ये अलेक्झांडर ग्रोतेंडीक नावाचा तरुण तेथे आला. श्वार्त्झ आणि झाँ द्यूदोने यांनी आपल्या एका निबंधाच्या शेवटी स्वतःला न सुटलेले चौदा प्रश्न दिले होते. ते त्यांनी या विद्यार्थ्यापुढे ठेवले. वर्षभराच्या आत त्याने त्यांपैकी बहुतेक सोडविले. आपल्याला काय येत नाही हे विद्यार्थ्याला मोकळेपणी सांगणारे शिक्षक लाभले, हे ग्रोतेंडीक यांचे भाग्यच.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही १९५५ मध्ये श्वार्त्झ यांनी व्याख्याने दिली. त्यांची टिपणे तरुण एम. एस. नरसिंहन यांनी तयार केली. पुढे नरसिंहन पॅरिसला जाऊन श्वार्त्झ यांच्या सहवासात राहिले आणि भारतातील अग्रगण्य गणितज्ञ बनले.

गैरहजर विद्यार्थ्याची परीक्षा

श्वार्त्झ यांच्या या स्वभावाची खरी कसोटी गणिताबाहेर लागली. अल्जीरियाचे स्वातंत्र्ययुद्ध चालू होते. अल्जीयर्स विद्यापीठातील पंचवीस वर्षांचे गणित अध्यापक मोरिस ओदँ यांना ११ जून १९५७ रोजी फ्रेंच छत्रीधारी सैनिकांनी घरातून पकडून नेले. ते अल्जीरियन कम्युनिस्ट पक्षाचे सभासद होते. दहा दिवसांनी ते पळून गेल्याचे लष्कराने सांगितले. त्यानंतर ते कोणालाही दिसले नाहीत.

ओदँ यांचा प्रबंध जवळजवळ पूर्ण झाला होता आणि त्याच्या परीक्षकांत श्वार्त्झ होते. २ डिसेंबर १९५७ रोजी सोरबॉनमध्ये उमेदवाराच्या गैरहजेरीत मौखिक परीक्षा घेण्यात आली. मार्गदर्शक रने द पोसेल यांनी प्रबंध मांडला आणि ओदँ यांना डॉक्टरेट देण्यात आली. प्रबंध चांगला आहे, पण तो लिहिणारा कोठे आहे, हा प्रश्न या साध्या विद्यापीठीय विधीने साऱ्या देशापुढे ठेवला.

उत्तर मिळेपर्यंत गप्प बसायचे नाही, असे ठरवून श्वार्त्झ ओदँ समितीच्या कामात पुढे राहिले. १९६० मध्ये अल्जीरियातील युद्धात लढण्यास नकार देणाऱ्यांचे समर्थन करणाऱ्या १२१ जणांच्या पत्रकावर त्यांनी सही केली. ते तेव्हा एकोल पॉलितेक्निक येथे प्राध्यापक होते आणि ही संस्था संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत होती. त्यांना पदावरून दूर करण्यात आले. काही वर्षांनी ते तेथे परतले. १९६२ मध्ये ‘फ्रेंच अल्जीरिया’च्या अतिरेकी समर्थकांनी त्यांच्या मुलाचे अपहरण केले. मुलगा सुटला, पण कुटुंबाला बसलेला धक्का मोठा होता.

श्वार्त्झ ४ जुलै २००२ रोजी वारले. ओदँ यांचा मृत्यू लष्कराच्या छळामुळे किंवा त्यानंतर झालेल्या हत्येमुळे झाला आणि त्याला फ्रेंच राज्यसंस्था जबाबदार आहे, हे फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी १३ सप्टेंबर २०१८ रोजी मान्य केले. ते ऐकायला ओदँ यांच्या पत्नी होत्या, श्वार्त्झ नव्हते.

उत्तर बरोबर येते ना, मग झाले, असे डेल्टा फलनाबाबत म्हणता आले असते. लष्कराने खुलासा केला ना, मग झाले, असे ओदँ यांच्याबाबतही म्हणता आले असते. श्वार्त्झ यांनी दोन्ही ठिकाणी ते म्हटले नाही. ‘सर, मला अजून पटले नाही’ असे वर्गात कोणी म्हणाले, तर घड्याळाकडे न पाहता त्याचे म्हणणे ऐकावे, एवढे या चरित्रावरून आम्ही आमच्या शिक्षकबंधूंना व भगिनींना सुचवू इच्छितो.